एकाहार्य अभिनय आणि रंगतंत्र

अभिजात नृत्य आणि आधुनिक रंगतंत्र यांच्या संयोगाची चर्चा करताना समीक्षा बहुधा एक गृहीतक स्वीकारून चालते : नृत्य परंपरेचे, म्हणून मूळचे, तंत्र बाहेरचे, म्हणून आगंतुक. 'फ्यूजन' ही सैल संज्ञा याच गृहीतकावर पोसली गेली आहे. एकल नृत्यप्रयोगाचा इतिहास मात्र या विभागणीस दुजोरा देत नाही.

एकाच नर्तिकेने वेश न बदलता नायिका, सखी, नायक अशा अनेक भूमिका उभ्या करणे, हे एकाहार्य अभिनयाचे तत्त्व होय. भरताने दशरूपकांत गणलेला भाणही एकपात्रीच. त्यातील पात्र आकाशभाषिताच्या आधारे अदृश्य व्यक्तींशी संवाद करते. रंगस्थळी जे नाही ते प्रेक्षकाला दिसावे, याची जबाबदारी अशा प्रयोगात नर्तकाच्या शरीरावर असते. तंजावरच्या मराठा दरबारात, दुसऱ्या सरफोजींच्या कारकिर्दीत (१७९८–१८३२), एका कथासूत्रात अनेक नृत्यप्रकार ओवणारी मराठी निरूपणे रचली गेली. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या बंधूंना ज्या प्रयोगक्रमाचे श्रेय दिले जाते, त्याचा संबंधही याच दरबाराशी आहे. हा सारा आविष्कार जवळून पाहण्याचा होता. भुवईची सूक्ष्म हालचालही त्यात अर्थवाहक ठरे.

१९३५ मध्ये अड्यार येथे रुक्मिणीदेवींनी केलेल्या प्रयोगानंतर या आविष्काराची दृश्यरचना पालटत गेली. नर्तिकेच्या मागे उभे राहून तिच्यासह पुढेमागे सरकणारे वादक मंचाच्या एका बाजूला बसले. प्रकाशयोजना, पार्श्वपट आणि वेशभूषा यांचा स्वतंत्र विचार होऊ लागला. चौकटीच्या रंगमंचाने प्रेक्षकाला दूर नेले, आणि अभिनयाला शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणे भाग पडले. याच कालखंडात देवदासीप्रथेविरुद्धची चळवळ १९४७ च्या मद्रास कायद्यापर्यंत पोहोचली, आणि वंशपरंपरेने ही कला सांभाळणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया नव्या मंचाबाहेर राहिल्या. तेव्हा ज्याला आज 'शुद्ध' म्हटले जाते ते रूपही विद्युत्प्रकाशात घडलेले आहे. तंत्राला परके ठरवणारी शुद्धतेची भाषा हा इतिहास झाकते, आणि त्याबरोबर त्या स्त्रियांनाही.

या पार्श्वभूमीवर अक्रम खान यांचा 'देश' (२०११) हा एकल प्रयोग पाहणे उद्बोधक ठरते. लंडनमध्ये बांगलादेशी कुटुंबात जन्मलेल्या खान यांनी प्रताप पवार यांच्याकडे कथकचे शिक्षण घेतले. 'देश'मध्ये टिम यिप यांची दृश्यरचना, मायकेल हल्स यांची प्रकाशयोजना आणि जोसलिन पूक यांचे संगीत आहे. सुंदरबनातील बोनबीबीच्या कथेत पडद्यावर हलत्या रेखांचे अरण्य उमटते आणि नर्तक त्यात वावरताना दिसतो. येथे वस्तूचा आभास निर्माण करण्याचे काम हस्तमुद्रेकडून यंत्राकडे गेले आहे. प्रेक्षकाने कल्पनेने पाहायचे अरण्य त्याला आयतेच मिळते. एकाहार्याच्या दृष्टीने ही हानी म्हणावी लागेल.

परंतु त्याच प्रयोगात खान आपल्या मुंडित मस्तकावर एक चेहरा रंगवतात, मान खाली घालतात, आणि ते मस्तकच वडिलांचा चेहरा होते. मुलगा आणि पिता एकाच देहात नांदतात. खर्चिक यंत्रणेच्या मध्यभागी घडणारा हा क्षण जवळजवळ तंत्रविहीन आहे, आणि एकाहार्याचे तत्त्व त्यात नव्याने सिद्ध होते. स्थलांतरिताच्या मुलाला पित्याचा देश बाहेर सापडत नाही. तो स्वतःच्या शरीरातच शोधावा लागतो, हा आशयही येथेच प्रकटतो.

म्हणून मूल्यमापनाचा निकष तंत्राच्या असण्या-नसण्यात शोधणे व्यर्थ आहे. तंत्र अभिनयाच्या जागी येते, की अभिनयाला नवी जागा करून देते, हा खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर प्रत्येक प्रयोगातच नव्हे, तर प्रयोगातील प्रत्येक दृश्यात वेगळे असू शकते. समीक्षेने ते तेथे जाऊनच तपासले पाहिजे.