खडा मोठा, दार लहान

पित्ताशय काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली बर्लिनमध्ये केली. आता ते काम दुर्बिणीतून होते आणि पेशंट एक-दोन दिवसांत घरी जातो. खरी पंचाईत होते ती खडा पित्ताशयातून निसटून पित्तनलिकेत अडकला की. डोळे पिवळे, थंडी वाजून ताप, आणि उशीर झाला तर जिवावर बेतते. पूर्वी पोट उघडून नलिका चिरण्यावाचून इलाज नव्हता. सत्तरी ओलांडलेल्याला ते झेपेलच असे नाही, आणि सहा महिन्यांसाठी इकडे येणारे आपले आईवडील नेमके त्याच वयाचे असतात.

नलिका लहान आतड्यात जिथे उघडते तिथे स्नायूंचे एक कडे असते. रुग्गेरो ओड्डी या इटालियन तरुणाने विद्यार्थीदशेतच, १८८७ साली, त्याचे वर्णन केले. हेच ते दार. १९६८ मध्ये वॉशिंग्टनचे सर्जन विल्यम मॅक्यून यांनी तोंडावाटे दुर्बीण घालून या दारात बारीक नळी सारली. पण नुसते पाहून काय उपयोग? १९७३ साली जर्मनीत एरलांगेनला क्लासेन व डेमलिंग यांनी आणि जपानमध्ये क्योटोला कावाई यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, विजेच्या तारेने ते कडे कापले.

छोटे खडे मग जाळीने ओढून काढता येऊ लागले. दीड सेंटिमीटरच्या वरचा खडा मात्र हटून बसे. छेद वाढवावा तर रक्तस्राव, नाहीतर आतड्याला भोक. १९८० च्या दशकात खडा जाळीतच चिरडण्याची युक्ती निघाली, पण फार मोठ्या खड्याभोवती जाळी उघडतच नाही. न कापता फुग्याने दार ताणावे, तर स्वादुपिंडाला सूज येई. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत फुगा वापरलेले दोन पेशंट त्या सुजेने दगावले.

माझ्या मते सर्वांत शहाणा उपाय तुर्कस्तानातून आला. २००३ मध्ये एर्सोझ व सहकाऱ्यांनी आधी छेद घेतला आणि मग १२ ते २० मिलिमीटरचा फुगा फुगवला. दोन अपुरे उपाय जोडून एक पुरेसा! (आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचे अर्धे आयुष्य यातच जाते.) पथ्य एकच, फुगा नलिकेपेक्षा रुंद नको.

त्यालाही न जुमानणारा खडा आता नलिकेत शिरणाऱ्या बारीक दुर्बिणीतून लेसरने फोडतात. अगदी थकलेल्या पेशंटच्या नलिकेत प्लास्टिकची नळी ठेवून पित्ताला वाट करून देतात. काही महिन्यांनी पाहावे, तर तिच्यावर घासून खडा पुष्कळदा झिजलेला असतो.