संकेतस्थळाचे ओझे : जावास्क्रिप्ट बंडलची मोजणी आणि तिचा नकाशा

एखादे संकेतस्थळ उघडण्यास वेळ लागला की त्याचा दोष बहुधा जोडणीच्या माथी मारला जातो. कोकणातील गावांत तर ‘रेंज नाही’ हे ठरलेले उत्तर असते. ते अनेकदा खरेही असते. मात्र तेवढ्याच जोडणीवर एक संकेतस्थळ चटकन उघडते आणि दुसरे रेंगाळते, तेव्हा कारण त्या संकेतस्थळाच्या पोटातच शोधावे लागते. आजच्या संकेतस्थळांच्या पोटात सर्वाधिक त्रासदायक ठरणारा भाग म्हणजे जावास्क्रिप्टचे ‘बंडल’. त्याचे वजन कसे मोजावे, त्यात काय भरले आहे ते डोळ्यांनी कसे पाहावे आणि ते हलके कसे करावे, याची ही ओळख.

कुडाळ तालुक्यातील वालावल गावाचे उदाहरण घेऊ. कर्ली नदीचा काठ, लक्ष्मीनारायणाचे मंदिर आणि त्यालगतचा तलाव यांमुळे हे गाव पर्यटकांना परिचित आहे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्यानंतर घरगुती निवास व न्याहारीची सोय हा येथील अनेक कुटुंबांचा जोडधंदा बनला. समजा, अशाच एका घराने खोल्यांच्या आरक्षणासाठी संकेतस्थळ तयार करून घेतले आहे. मुंबईहून निघालेला पर्यटक वाटेतच भ्रमणध्वनीवर ते उघडतो. पान दिसते, पण ‘आरक्षण’ हे बटण काही सेकंद दाद देत नाही. पर्यटक कंटाळून दुसरीकडे वळतो. घरमालकाचे गिऱ्हाईक जाते आणि त्याचे कारणही त्याला कळत नाही.

बंडल म्हणजे काय?

जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत तयार केली. प्रारंभी ती पानावरील किरकोळ हालचालींपुरती वापरली जाई. पुढे संपूर्ण उपयोजने तिच्यात लिहिली जाऊ लागली. आज एखाद्या साध्या प्रकल्पातही प्रोग्रॅमरने स्वतः लिहिलेल्या काही फाइल्स आणि इतरांनी लिहिलेली शेकडो तयार पॅकेजेस एकत्र नांदत असतात. या साऱ्या फाइल्स जोडून, अनावश्यक जागा व टिपा गाळून, ब्राउझरला पाठविण्याजोग्या एक किंवा काही मोजक्या फाइल्स बनविल्या जातात. त्या गाठोड्यालाच बंडल म्हणतात. हे काम करणाऱ्या साधनांपैकी वेबपॅक २०१२ साली, रोलअप २०१५ साली आणि ईएसबिल्ड २०२० साली पुढे आले.

अडचण अशी की, गाठोडे बांधणारा प्रोग्रॅमर एका ओळीत एखादे पॅकेज मागवितो, पण त्या पॅकेजच्या मागोमाग आणखी किती पॅकेजेस आत शिरली हे त्याला दिसत नाही. ‘एचटीटीपी आर्काइव्ह’च्या २०२४ सालच्या पाहणीनुसार, मोबाइलवर उघडणाऱ्या मध्यम प्रतीच्या पानाबरोबर सुमारे साडेपाचशे किलोबाइट जावास्क्रिप्ट येते आणि पान उघडताना त्यातील बराच मोठा हिस्सा वापरलाच जात नाही.

वजनाचा नकाशा

बंडलचे वजन दाखविण्याची सर्वांत रूढ पद्धत म्हणजे ‘ट्रीमॅप’, अर्थात वृक्षनकाशा. तिचा जन्म वेबच्या प्रसारापूर्वीचा आहे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात १९९० साली प्राध्यापक बेन श्नायडरमन यांच्यापुढे एक व्यावहारिक प्रश्न होता. त्यांच्या प्रयोगशाळेतील ८० मेगाबाइटची डिस्क १४ जण मिळून वापरत आणि ती सतत भरलेली असे. जागा कोणी व कशाने अडविली हे एका नजरेत कळावे म्हणून त्यांनी आयताची कल्पना योजिली. संपूर्ण डिस्क म्हणजे एक मोठा आयत, त्यात प्रत्येक फोल्डरचा लहान आयत आणि त्याच्या पोटात फाइल्सचे आयत. ज्याचा आकार जितका, तितके त्याचे क्षेत्रफळ.

हीच पद्धत ‘वेबपॅक-बंडल-ॲनालायझर’ हे साधन वापरते. ‘रोलअप-प्लगिन-व्हिज्युअलायझर’ वृक्षनकाशाखेरीज वर्तुळाकार आलेख आणि पॅकेजेसचे परस्परसंबंध दाखविणारे जाळेही काढून देते. ‘सोर्स-मॅप-एक्सप्लोरर’ची रीत किंचित निराळी. सोर्स मॅप ही फाइल अंतिम बंडलमधील कोणता अंश मूळच्या कोणत्या फाइलमधून आला याची नोंद ठेवते. त्या नोंदीच्या आधारे हे साधन प्रत्येक बाइटचा हिशेब मूळ फाइलच्या खाती मांडते. ईएसबिल्ड आपल्या जुळणीचा तपशील ‘मेटाफाइल’ या नावाने देते व त्यावरूनही नकाशा काढता येतो. एखादे पॅकेज प्रकल्पात घेण्यापूर्वीच त्याचे वजन पाहावयाचे असल्यास ‘बंडलफोबिया’ हे संकेतस्थळ उपयोगी पडते.

तीन मापे, तीन अर्थ

नकाशा वाचताना कोणते माप समोर आहे हे आधी पाहावे. वेबपॅक-बंडल-ॲनालायझर तीन मापे दाखविते. पहिले मूळ फाइल्सचे, म्हणजे कोणतीही छाटणी होण्यापूर्वीचे. दुसरे छाटणीनंतरचे. तिसरे जीझिप पद्धतीने संकोच केल्यानंतरचे. जोडणीवरून जे ओझे वाहून न्यावे लागते ते साधारणपणे तिसऱ्या मापाचे असते. सर्व्हर ब्रॉटली ही नवी संकोचपद्धती वापरत असल्यास ते आणखी कमी भरते. मात्र फोनमध्ये पोहोचल्यावर हे गाठोडे उलगडते. ब्राउझरला वाचावा, समजून घ्यावा आणि चालवावा लागतो तो मजकूर दुसऱ्या मापाचा असतो. म्हणूनच वेगवान जोडणी असूनही स्वस्तातला फोन अडखळतो. २०१६ नंतर देशात मोबाइल डेटा स्वस्त झाला, पण त्यामुळे फोनमधील प्रोसेसर वेगवान झाला नाही.

जोडणीचा हिशेब साधा आहे. सेकंदाला १.६ मेगाबिट या वेगाने सेकंदाला २०० किलोबाइट माहिती येते. आपल्या कल्पित आरक्षण-संकेतस्थळाचे बंडल संकोचानंतर ६०० किलोबाइट असेल तर ते उतरण्यासच ३ सेकंद लागतील. ते २५० किलोबाइटवर आणल्यास सव्वा सेकंद पुरेल. उलगडून चालविण्याचा वेळ याहून वेगळा.

नकाशात काय शोधावे?

पहिली गोष्ट, अनपेक्षित मोठे आयत. तारखा हाताळणारे ‘मोमेंट’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. वेबपॅकबरोबर ते वापरले असता, वेगळी सूचना न दिल्यास त्यातील शंभराहून अधिक भाषांच्या तारखांच्या फाइल्स बंडलमध्ये येतात. मराठीची फाइलही त्यांत आहे. मराठी संकेतस्थळाला ती एकच हवी असते, पण तिच्यासोबत साऱ्या जगाच्या भाषांचा लवाजमा येतो. मोमेंटच्या कर्त्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये हा प्रकल्प केवळ देखभालीपुरता राहील असे जाहीर करून नव्या कामासाठी इतर पर्याय सुचविले.

दुसरी गोष्ट, द्विरुक्ती. दोन पॅकेजेस एकाच तिसऱ्या पॅकेजच्या निरनिराळ्या आवृत्त्या मागतात आणि दोन्ही बंडलमध्ये येऊन बसतात. तिसरी, एका उपयोगासाठी घेतलेला संपूर्ण संच. ‘लोडॅश’मधील एकच फंक्शन हवे असताना सगळा संच घेतल्यास छाटणीनंतरही सुमारे ७० किलोबाइटचा भार पडतो. चौथी, जुन्या ब्राउझरांसाठी घातलेली ठिगळे. इंटरनेट एक्सप्लोररची शेवटची आवृत्ती मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये निवृत्त केली, तरी तिच्यासाठीचे कोड अनेक बंडलांत सवयीने राहून गेले.

मराठी मजकुराचे वजन

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतपद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. काना-मात्राही स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘वालावल’ या शब्दात सहा चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट. रोमन लिपीत तोच शब्द सात अक्षरी लिहिल्यास सात बाइट पुरतात. ईएसबिल्ड तर मूळ व्यवस्थेत देवनागरी चिन्हे जशीच्या तशी ठेवत नाही. प्रत्येक चिन्हाऐवजी सहा अक्षरांचा संकेत लिहिते. मग ‘वालावल’चे ३६ बाइट होतात. संकोचानंतर हा फरक बराच कमी होतो, पण उलगडलेल्या मापात तो राहतोच. संकेतपद्धती यूटीएफ-८ ठेवण्याची सूचना दिल्यास हे टळते. ज्या प्रकल्पात मराठी मजकुराच्या मोठ्या फाइल्स जावास्क्रिप्टमध्येच गुंफलेल्या आहेत, तेथे ही एक सूचना नकाशातील आयत लक्षणीय लहान करू शकते.

वजन उतरविण्याचे मार्ग

सर्वांत उत्तम उपाय म्हणजे ब्राउझरमध्ये आधीच असलेली सोय वापरणे. मराठी महिने आणि देवनागरी अंकांत तारीख मांडण्याची व्यवस्था आजच्या प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध आहे. तेवढ्यासाठी बाहेरचे पॅकेज घेण्याची गरज नाही.

दुसरा उपाय, न वापरलेला कोड गाळणे. झाड हलवून वाळकी पाने पाडावीत तशी ही क्रिया. रोलअपने ती २०१५ पासून लोकप्रिय केली. त्याच वर्षी जावास्क्रिप्टच्या प्रमाणित व्याख्येत मॉड्यूल्सची रीत आली. त्यामुळे कोणता भाग वापरला गेला हे कोड न चालविताही ठरविता येऊ लागले. जुन्या पद्धतीने लिहिलेल्या पॅकेजेसना मात्र ही छाटणी नीट लागू पडत नाही.

तिसरा उपाय, विभागणी. वर उल्लेखिलेल्या संकेतस्थळावर गावाचा नकाशा केवळ ‘कसे पोहोचाल’ या पानावर असेल, तर ‘लीफलेट’सारखे नकाशाचे पॅकेज पहिल्याच पानाबरोबर पाठविण्याचे प्रयोजन नाही. ते सुमारे ४२ किलोबाइटचे, म्हणजे आपल्या जातीत हलकेच आहे. तरीही जेथे हवे तेथेच ते उतरावे.

नकाशा काय सांगत नाही?

आयत मोठा म्हणून तो दोषी ठरत नाही. ज्यावर सारे संकेतस्थळ उभे आहे ती लायब्ररी मोठी दिसणारच. उलट एखादा लहान आयत चालताना प्रोसेसरला घाम फोडू शकतो. हे वृक्षनकाशात दिसत नाही, त्यासाठी ब्राउझरमधील वेगमापनाची साधने लागतात. बंडलमधला किती कोड प्रत्यक्ष वापरला गेला हे क्रोम ब्राउझरमधील ‘कव्हरेज’ दाखविते. तसेच प्रत्येक फाइलचे संकोचानंतरचे माप स्वतंत्रपणे काढलेले असल्याने त्यांची बेरीज संपूर्ण बंडलच्या मापाशी तंतोतंत जुळेलच असे नाही. आणि पानावर मंदिराची, तलावाची मोठमोठी छायाचित्रे तशीच टाकलेली असतील, तर केवळ जावास्क्रिप्ट हलके करून पर्यटकाची सुटका होणार नाही.

शेवटी मोजणी एकदाच करून भागत नाही. आज हलके केलेले बंडल नव्या सोयींबरोबर पुन्हा जड होत जाते. वेबपॅक आपल्या मूळ व्यवस्थेत २,५०,००० बाइटहून मोठ्या फाइलबाबत इशारा देते. तो इशारा बंद करून टाकण्याकडे कल असतो. त्याऐवजी प्रत्येक प्रकल्पाने आपली मर्यादा ठरवावी आणि ती ओलांडणारा बदल कारण विचारल्याखेरीज स्वीकारू नये. संकेतस्थळ तयार करून घेणाऱ्या ग्राहकानेही काम ताब्यात घेताना दोनच गोष्टी मागाव्यात : बंडलचा वृक्षनकाशा, आणि आपल्या गिऱ्हाइकांकडे असतो तशा साध्या फोनवर पान उघडून बटण चालेपर्यंतचा वेळ. या दोन्हींसाठी जादा खर्च येत नाही.