मोटारगाडीची विश्वसनीयता : मालकांचा अनुभव व ग्राहक-सर्वेक्षणे

नेहमीच्या वापरात, ठराविक काळापर्यंत, बिघाड न होता मोटारगाडी काम देत राहील याची संभाव्यता म्हणजे तिची विश्वसनीयता होय. वेग, इंधनखर्च वा आसनांची सोय यांची परीक्षा खरेदीपूर्वी करता येते. विश्वसनीयतेची करता येत नाही, कारण ती काळाच्या ओघातच प्रकट होते. म्हणून ग्राहकाला इतरांच्या अनुभवावर विसंबावे लागते. हा अनुभव ओळखीच्या एखाद्या मालकाच्या तोंडून ऐकावा, की हजारो मालकांकडून पद्धतशीरपणे गोळा केलेला घ्यावा, या प्रश्नाचा इतिहास सु. शंभर वर्षांचा आहे.

आरंभीच्या चाचण्या : विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोटारगाडी मुक्कामाला पोहोचेल की नाही याचीच शंका असे. तिचे निरसन करण्यासाठी ब्रिटनमध्ये १९०० साली एक हजार मैलांची सार्वजनिक चाचणी घेण्यात आली. अमेरिकेत १९०५ ते १९१३ या काळात ग्लिडन दौरे भरत. १९०७ मध्ये रोल्स-रॉइसच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ गाडीने सु. १५,००० मैलांची चाचणी पार पाडून मोठी ख्याती मिळविली. तथापि अशा चाचण्यांत उत्पादकानेच निवडलेली व निष्णात चालकांच्या हाती दिलेली एकच गाडी असे. त्या गाडीविषयी जे सिद्ध होई, ते त्याच कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीला लागू पडेलच, याची हमी नसे.

ग्राहक-चळवळ व प्रश्नावली : स्टुअर्ट चेस व एफ्. जे. श्लिंक यांच्या १९२७ मधील पुस्तकामुळे अमेरिकेत उत्पादकांपासून स्वतंत्र अशा वस्तुपरीक्षणाची कल्पना रुजली. १९२९ मध्ये ‘कन्झ्यूमर्स रिसर्च’ ही संस्था स्थापन झाली. तेथील कर्मचाऱ्यांच्या संपानंतर १९३६ मध्ये ‘कन्झ्यूमर्स युनियन’ ही वेगळी संस्था निघाली व तिचे मासिक पुढे ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्‌स’ या नावाने प्रसिद्ध झाले. जाहिराती न स्वीकारणे हे तिचे धोरण होते. दुसऱ्या महायुद्धानंतर या संस्थेने वर्गणीदारांना वार्षिक प्रश्नावली पाठवून त्यांच्या गाड्यांच्या दुरुस्त्यांची माहिती मिळविण्यास सुरुवात केली. एंजिन, दंतचक्रपेटी, विद्युत्‌ यंत्रणा, गतिरोधक इ. भागांनुसार बिघाडांचे कोष्टक तयार होऊ लागले व प्रत्येक नमुन्याची तुलना सरासरीशी केली जाऊ लागली.

कॅलिफोर्नियात १९६८ मध्ये जेम्स डेव्हिड पॉवर (तिसरे) यांनी स्थापन केलेल्या संस्थेचा मार्ग निराळा होता. तिचे निष्कर्ष प्रामुख्याने उत्पादकांना विकले जात. १९७३ च्या सुमारास माझ्दाच्या रोटरी एंजिनातील रबरी कड्या निकामी होत असल्याचे तिच्या सर्वेक्षणातून उघड झाले व वृत्तपत्रांतून त्यास मोठी प्रसिद्धी मिळाली. १९८७ मध्ये नव्या गाड्यांच्या व १९९० मध्ये काही वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या पाहणीस तिने आरंभ केला. दर शंभर गाड्यांमागे आढळलेल्या तक्रारींची संख्या हे तिचे माप सर्वत्र रूढ झाले.

एका अनुभवाचे मोल : सर्वेक्षणे उपलब्ध असूनही ग्राहकाच्या मनावर शेजाऱ्याच्या कथेचा ठसा अधिक खोल उमटतो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड निस्बेट व त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये या प्रवृत्तीचे जे उदाहरण दिले, ते प्रसिद्ध आहे. शेकडो मालकांच्या माहितीवरून व्होल्व्हो गाडी घेण्याचे ठरविलेला गृहस्थ मेजवानीत कोणा एकाच्या व्होल्व्होची रडकथा ऐकतो आणि आपला बेत बदलतो. वस्तुतः शेकडो नोंदींत एका नोंदीची भर पडल्याने सरासरी जवळजवळ बदलत नाही.

यामागील गणित साधे आहे. समजा, एका नमुन्याच्या १० टक्के व दुसऱ्याच्या १५ टक्के गाड्यांत वर्षभरात गंभीर बिघाड होतो. प्रत्येक नमुन्याचा एकेक मालक यदृच्छेने निवडून त्यांचे अनुभव ताडून पाहिल्यास अशा १०० जोड्यांपैकी ७८ जोड्यांतून काहीच निर्णय होत नाही. दोन्ही गाड्या बिघडलेल्या तरी असतात किंवा दोन्ही ठीक असतात. सु. १३ ते १४ जोड्या योग्य बाजूस कौल देतात, तर ८ ते ९ जोड्या चुकीच्या बाजूस. प्रत्येकी १०० मालक विचारले, तरी ५ टक्क्यांचा हा फरक योगायोगाने पडलेला नाही असे खात्रीने म्हणता येत नाही. त्यासाठी प्रत्येकी सु. ४०० मालक लागतात. मित्रपरिवारातून इतके मालक मिळणे अशक्यच.

सर्वेक्षणांच्या मर्यादा : मोठी संख्या हीच अचूकतेची हमी नव्हे. १९३६ मध्येच, म्हणजे कन्झ्यूमर्स युनियनच्या स्थापनेच्या वर्षी, ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने २० लाखांहून अधिक मतपत्रिकांच्या आधारे अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत लँडन विजयी होतील असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड मतांनी निवडून आले. ज्यांना पत्रिका पाठविल्या व ज्यांनी त्या परत केल्या, ते सर्व मतदारांचे प्रतिनिधी नव्हते. मासिकाचे वर्गणीदारही सर्व मोटारमालकांचे प्रतिनिधी नसतात. शिवाय प्रश्नाच्या शब्दयोजनेवर उत्तर अवलंबून असते. बिघाड व गैरसोय यांची एकत्र मोजणी केल्यास, हाताळण्यास अवघड अशी बटणेही गाडीच्या दोषांत जमा होतात.

पूर्वग्रहही उत्तरांत शिरू शकतो. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील, जनरल मोटर्स व टोयोटा यांच्या १९८४ मध्ये सुरू झालेल्या संयुक्त कारखान्यात जवळजवळ एकसारख्या गाड्या दोन वेगवेगळ्या नावांनी तयार होत. तरीही जुन्या गाड्यांच्या बाजारात टोयोटा कोरोलास तिच्या शेव्हरोले व जिओ या नावांच्या जुळ्या बहिणींपेक्षा अधिक किंमत मिळत असे. नावलौकिक हा लोखंडाचा गुण नसला, तरी किंमत तो ठरवितो. म्हणून लौकिकावर विसंबून न राहता पुनःपुन्हा मोजणी करणे आवश्यक ठरते. २००७ मध्ये काही टोयोटा गाड्या सरासरीहून खाली गेल्याचे आढळताच ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्‌स’ ने त्या कंपनीच्या नव्या नमुन्यांची आपोआप शिफारस करणे थांबविले.

मतांपेक्षा घटनांची मोजणी करण्याचा मार्ग यूरोपात अधिक अवलंबिला गेला. जर्मनीतील ‘आडाक’ हा मोटारक्लब १९७८ पासून आपल्या साहाय्यक पथकांनी रस्त्यावर हाताळलेल्या बिघाडांची आकडेवारी प्रसिद्ध करतो. मात्र काही उत्पादकांची स्वतःची साहाय्यसेवा असल्याने त्यांच्या बंद पडलेल्या गाड्या या मोजणीतून निसटू शकतात. सक्तीच्या नियतकालिक तपासणीतील नोंदींत हा दोष नसतो; परंतु तेथे मुख्यतः सुरक्षिततेशी संबंधित भागच तपासले जातात.

तक्रारीचे महत्त्व : सरासरी जे लपविते, ते कधीकधी एकट्यादुकट्या तक्रारीतून उघड होते. १९९८ मध्ये अमेरिकेतील एका विमा कंपनीच्या संशोधन विभागातून फायरस्टोन टायर फुटल्याची २१ प्रकरणे शासकीय सुरक्षा विभागास कळविण्यात आली; परंतु रस्त्यावरील लाखो टायरांच्या मानाने ही संख्या क्षुल्लक ठरून कारवाई झाली नाही. फेब्रुवारी २००० मध्ये ह्यूस्टनच्या दूरचित्रवाणी केंद्राने हा विषय मांडल्यावर तक्रारींचा ओघ सुरू झाला व ऑगस्टमध्ये सु. ६५ लाख टायर परत मागविण्यात आले. या टायरांशी निगडित मृत्यूंची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. दुर्मिळ पण प्राणघातक दोष विश्वसनीयतेच्या कोष्टकात दिसत नाही. तेथे एका अनुभवाचे मोल संख्येने ठरत नाही.

भारत : स्वातंत्र्योत्तर काळात भारतात अँबॅसडर, मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी अशा मोजक्याच गाड्या मिळत व त्यांसाठी दीर्घ काळ थांबावे लागे. निवडीला वावच नसल्याने तुलनेची गरज भासत नसे. ओळखीच्या मिस्त्रीचे मत पुरेसे होई. ग्राहक-चळवळीचा पाया मात्र घातला जात होता. मुंबईत १९६६ मध्ये काही गृहिणींनी ‘कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापिली आणि १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा संमत झाला. १९८३ मध्ये मारुतीचे उत्पादन सुरू झाले; १९९१ नंतर अनेक परदेशी कंपन्या आल्या आणि मालकांच्या सर्वेक्षणांनाही सुरुवात झाली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, एखाद्या प्रकारच्या वाहनातील दोषाविषयी ठराविक टक्के मालकांनी तक्रार केल्यास ती वाहने परत मागविण्याचा आदेश केंद्र शासन देऊ शकते. या तरतुदीत सुट्या अनुभवांना त्यांच्या प्रमाणाची जोड देण्यात आली आहे.

सारांश, कोणती गाडी घ्यावी हे ठरविण्यास सर्वेक्षण अधिक भरवशाचे, तर गाडीत कोणता दोष शोधावा हे सुचविण्यास मालकाचा अनुभव अधिक उपयुक्त असतो. आयुष्यभराची बचत एकाच खरेदीत घालणाऱ्या कुटुंबाने पहिल्यावरून निवड करावी व दुसऱ्यावरून तपासणी करावी, हे श्रेयस्कर होय.