चितळासाठी कोणती गोळी, लक्ष्यासाठी कोणती? : .२२ आणि .३१५ बोअरचा इतिहास

१/ कांजूरमार्गहून पवई-विहारच्या पलीकडे गेले की राष्ट्रीय उद्यानाचे रान लागते. तेथे चितळ आजही चरतात. शिकार कायदेशीर होती, त्या काळात परवानाधारक शिकारी चितळासाठी कोणती रायफल निवडत असे?

२/ .२२ बोअरची गोळी अवघी अडीच ग्रॅमची. धक्का नगण्य, काडतूस स्वस्त. मात्र चितळासाठी ती अपुरी. जखमी जनावर झाडीत शिरून तडफडत मरण्याची भीती. म्हणून जाणता शिकारी ती हरणावर रोखत नसे.

३/ .३०३ हे सैन्याचे बोअर. सामान्य नागरिकांना त्याची मनाई. त्यामुळे बंगालमधील इशापूर कारखान्यातील .३१५ रायफल शिकाऱ्यांच्या हाती आली. तिची गोळी .२२च्या सुमारे सहापट जड. हरणाला पुरेशी, पण खांद्याला बसणारा धक्का मोठा, त्यामुळे दिवसभराच्या सरावाला गैरसोयीची.

४/ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला. १९९१च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच संपवले. हरीण या निवडीतून कायमचे सुटले.

५/ .२२ मात्र नेमबाजीत टिकली. ५० मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटरचे! याच अंतरावर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेत्या ठरल्या. २०२४ साली पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ऑलिंपिक कांस्य जिंकले.

६/ कुसाळे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे. राधानगरीचे रान एके काळी कोल्हापूर संस्थानाचे शिकारक्षेत्र होते. आज ते अभयारण्य आहे. हरणासाठी अपुरी ठरलेली गोळी ऑलिंपिक पदकाला पुरली.