किती खाटा कमी पडतात?

१९ फेब्रुवारी १९५४, शुक्रवार. ब्रिटिश संसदेत शुक्रवार हा सरकारी कामाचा दिवस नसे, साध्या खासदारांच्या ठरावांचा असे. त्या दिवशी मजूर पक्षाचे केनेथ रॉबिन्सन यांनी असाच एक ठराव मांडला. मनोरुग्णालयांत भयंकर गर्दी झाली आहे, नर्सेस आणि तरुण डॉक्टर मिळत नाहीत, सरकार काय करणार आहे?

सरकार हुजूर पक्षाचं होतं आणि आरोग्यमंत्री होते आयन मॅक्लिऑड. आठवडाभर आधीच त्यांनी संसदेला सांगितलं होतं, की सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मानायला हवा. मग पत्रकारांसमोर तीच बातमी सांगताना त्यांनी एकामागून एक सिगारेटी ओढल्या होत्या. असो.

रॉबिन्सन यांचा प्रश्न हवेतला नव्हता. इंग्लंड आणि वेल्समधल्या मनोरुग्णालयांत तेव्हा सुमारे १,४८,००० माणसं होती. त्याआधी किंवा त्यानंतर हा आकडा इतका वर कधीच गेला नाही. सरकारी आरोग्यसेवेतल्या दर पाच खाटांपैकी किमान दोन मनोरुग्ण आणि मतिमंद म्हणून नोंदलेल्यांसाठी होत्या. इमारती बहुतेक व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, गावाबाहेरच्या. खाटेला खाट भिडलेली, मध्ये छोटं कपाट ठेवायलाही जागा नाही.

अशा प्रश्नांची सरकारी उत्तरं आपल्या विधानसभेतही ऐकायला मिळतात. इतक्या खाटा वाढवल्या, इतक्या वाढवणार आहोत, निधीची अडचण आहे, कर्मचाऱ्यांची भरती चालू आहे. आणि कायद्याचं काय? त्यासाठी आयोग नेमला आहे. ब्रिटनमध्ये लॉर्ड पर्सी यांच्या अध्यक्षतेखालचा रॉयल कमिशन त्याच महिन्यात नेमला गेला. ‘आयोग नेमला’ म्हटलं की आपण मनातल्या मनात हसतो. इथे मात्र हसू नका, कारण या आयोगाने प्रश्नच बदलून टाकला.

सगळे विचारत होते, की खाटा किती कमी पडतात. विचारायला हवं होतं, की इतकी माणसं आत का आहेत, आणि बाहेर का येत नाहीत?

याचं उत्तर कायद्यात होतं. १८९० चा ‘वेड्यांचा कायदा’ माणसाला आत टाकायला दंडाधिकाऱ्याचा हुकूम आणि डॉक्टरचा दाखला मागत असे. उद्देश वाईट नव्हता. इस्टेटीच्या लोभाने नातेवाइकांनी शहाण्या माणसाला कोंडून ठेवू नये, म्हणून ही पहारेदारी. पण झालं असं, की दवाखान्यात जाण्याची वाट कोर्टातून गेली. कपाळावर शिक्का बसायचा म्हणून आजार हाताबाहेर जाईपर्यंत कोणी जाईना, आणि मग गेलेला माणूस परतेना. १९३० मध्ये स्वेच्छेने भरती होण्याची सोय झाली, तरी आत वर्षानुवर्षं राहिलेले बहुतेक जण शिक्कामोर्तबवालेच होते.

१९१३ चा मतिमंदांविषयीचा कायदा तर याहून भयंकर. सरकारी मदतीवर जगणाऱ्या एखाद्या मुलीला लग्नाशिवाय मूल झालं, आणि ती ‘मंदबुद्धी’ आहे असं ठरलं, की तिला संस्थेत डांबता येत असे. मुदत? ती वाढतच राहायची. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एका संघटनेने १९५१ मध्ये यावर पुस्तिका काढली. ‘पन्नास हजार माणसं कायद्याबाहेर’ असा तिच्या नावाचा अर्थ. १९५६ मध्ये एका तरुणीला अशा ताब्यातून हायकोर्टाने सोडवलं. तिला डांबणं मुळातच कायद्यात बसत नव्हतं, असं कोर्टाने ठरवलं. त्यानंतर अशा अनेकांची सुटका करावी लागली. त्यांच्या खाटा रिकाम्या झाल्या, एक वीटही न रचता.

पर्सी आयोगाचा अहवाल १९५७ मध्ये आला. जानेवारी १९५९ मध्ये नवे आरोग्यमंत्री डेरेक वॉकर-स्मिथ यांनी कॉमन्समध्ये विधेयकाचं दुसरं वाचन मांडलं, आणि जुलैत कायदा झाला. त्यातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट दिसायला अगदी किरकोळ आहे. पाय मोडल्यावर आपण दवाखान्यात जातो, तसंच मन बिघडल्यावरही जायचं. ना अर्ज, ना हुकूम. सक्ती करायचीच असेल तर तिच्याविरुद्ध दाद मागायला न्यायाधिकरण.

खाटा रिकाम्या झाल्या त्या नव्या गोळ्यांमुळे, असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. क्लोरप्रोमाझिन हे औषध ब्रिटनमध्ये १९५४ च्या सुमारास पोचलं, हे खरं. पण स्कॉटलंडमधल्या डिंगलटन रुग्णालयाने आपल्या वॉर्डांची कुलुपं १९४९ मध्येच काढली होती. औषधाचं श्रेय आहेच, फक्त कुलूप आधी निघालं.

मग १९६१ मध्ये आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल (स्थलांतरितांविरुद्धच्या १९६८ च्या कुप्रसिद्ध भाषणाचे तेच हे पॉवेल) म्हणाले, की पंधरा वर्षांत या खाटा निम्म्या करू. बाहेर आलेल्या माणसांना समाज सांभाळेल. समाजाला त्यासाठी पैसे कोण देणार, असं समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी त्याच वर्षी विचारलं. खाटा खरोखरच कमी होत गेल्या. पैसे मात्र त्या वेगाने माणसांमागे गेले नाहीत. उत्तर लंडनमधलं फ्रायर्न हे प्रचंड मनोरुग्णालय १९९३ मध्ये बंद झालं. तिथे आता महागडे फ्लॅट आहेत.

१९९३ हे साल आपल्याकडेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. इंग्रजांनी आपला १८९० चा कायदा १९१२ मध्ये थोडाफार बदलून हिंदुस्थानला दिला होता. त्यांनी स्वतःचा १९५९ मध्ये फेकून दिला. आपण त्यांची प्रत जपून ठेवली. संसदेने १९८७ मध्ये नवा कायदा केला, पण तो लागू व्हायला १ एप्रिल १९९३ उजाडला. त्याच वर्षी पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं घटनाबाह्य आहे. म्हणजे तोवर ठेवत होते.

‘ह्याला येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याला भरती करा’ हे आपले विनोद त्याच कायद्याच्या सावलीत वाढलेले. आपल्याकडे खाटा तर मोजक्याच होत्या. १९४६ च्या भोर समितीने हिशेब मांडला, तेव्हा इंग्लंडमध्ये साधारण ३०० माणसांमागे मनोरुग्णांसाठी एक खाट होती, हिंदुस्थानात ४०,००० माणसांमागे एक. तरीही बरे झालेले लोक त्या मोजक्या खाटांवर अडकून राहिले, कारण न्यायला कोणी येत नाही. २०१७ च्या कायद्याने समाजात राहण्याचा हक्क लेखी दिला, निवाऱ्याच्या सोयी उभारायला सांगितल्या.

जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलं, की महाराष्ट्रात मनोरुग्णालयांतल्या अशा काही जणांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवलं जातंय. न्यायालयाने ते ताबडतोब थांबवायला सांगितलं.