मामा तलावाचा कागद

आजचा भाग थोडा कागदी आहे, आधीच सांगून ठेवतो. लढाया नाहीत, तह नाहीत. आहे तो एक जुना बस्ता, कापडात बांधलेला, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधला. आणि एक प्रश्न: गोंदियात बी.ए.ला इतिहास घेतलेली पोरं पानिपत पाठ करतात, मग हा बस्ता कुणी का सोडत नाही?

सुरुवात तलावापासून करू. 'मामा तलाव' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला खरंच वाटलं, कुणाच्या तरी मामाचा असेल. तर नाही. 'माजी मालगुजारी' याचं ते लघुरूप. इंग्रजांनी १८६० च्या दशकात इथे जमिनीचा बंदोबस्त केला, तेव्हा गावांची मालकी ज्यांच्या नावावर लावली ते मालगुजार. सारा गोळा करून सरकारात भरायचा, आणि गावातली पडीक जमीन, झाडोरा, तलाव यांवर हक्क त्यांचा. पुढे १९५० च्या कायद्याने ही मालकी रद्द झाली, १९५१ पासून अंमल सुरू झाला, आणि गावाच्या वापरातले तलाव सरकारकडे आले. म्हणून 'माजी'.

आता गंमत बघा. मालक बदलला, पण गाव तर तिथेच होतं. गुरं कुठे चरायची, सरपण कुठून आणायचं, घर सारवायला माती, बांधायला मुरूम कुठून काढायचा? हे सगळं ज्या कागदात लिहिलेलं असतं त्याला म्हणतात निस्तार पत्रक. आणि दुसरा कागद, वाजिब-उल-अर्ज. नाव ऐकून घाबरू नका, जुन्या दफ्तरातली फारसी आहे. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत आधी जाणार, वाट कुठून, मासे कोण धरणार, असल्या गावच्या रूढी त्यात नोंदवतात. हे दोन्ही शब्द १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आजही आहेत, कलम १६१ आणि १६५ काढून बघा. पुण्या-साताऱ्याच्या मित्राला विचारलंत तर बहुतेक त्याने नावही ऐकलेलं नसेल. ही आपल्याकडची, जुन्या मध्य प्रांताची देणगी.

माझ्या मते इतिहासाच्या वर्गाला यापेक्षा चांगलं अस्सल साधन मिळणार नाही. अस्सल साधन म्हणजे घटना घडली त्याच काळात तयार झालेला कागद, वस्तू, नकाशा. नंतर कुणी लिहिलेलं पुस्तक नव्हे. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला फील्ड प्रोजेक्ट आलाच आहे. बऱ्याच ठिकाणी तो नेटवरून उतरवून, स्पायरल बाइंडिंग करून जमा होतो (हसू नका, मीही केलंय). त्याऐवजी चार-चार जणांच्या गटाला एकेक गाव द्या. एकाने निस्तार पत्रकाची नक्कल काढायची, दुसऱ्याने १९०८ चं भंडारा जिल्ह्याचं गॅझेटियर वाचायचं, उरलेल्या दोघांनी गावातल्या म्हाताऱ्यांकडे बसायचं.

भंडारा का? कारण गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याआधीचं सगळं भंडाऱ्याच्या नावाने शोधावं लागतं. आणि १९५६ पर्यंत आपण मुंबईच्या नव्हे, नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होतो. म्हणून कागद नागपूरच्या पुराभिलेखागारात, भंडाऱ्यात, तहसीलात, असे विखुरलेले आणि कधी मराठीत, कधी हिंदीत, कधी इंग्रजीत.

तिघांकडून आलेलं समोरासमोर ठेवलं की खरा तास सुरू होतो, कारण ते जुळत नाही. नवेगाव बांधचंच घ्या. हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळीने बांधला असं सांगतात, आणि जवळच्या टेकडीवर कोलासूर देव म्हणून त्याचं ठाणं आहे. म्हणजे लोकांच्या आठवणीत तलाव बांधणारा देव झाला. बंदोबस्ताच्या कागदाला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला हवा होता सारा भरणारा माणूस. तलाव कोणी खणला यापेक्षा कोणाच्या नावावर आहे हे त्यात दिसतं. पाळीवर माती टाकणाऱ्या बायका तर कुठेच नाहीत. ढिवर दिसतात ते मासेमारीचा प्रश्न आला की. तेव्हा कागदाला विचारायचं: बाबा रे, तुला लिहिलं कोणी, कोणासाठी, आणि गाळलं कोणाला? म्हाताऱ्यालाही हेच विचारायचं. आजोबा सांगतात म्हणून सगळं खरं, असंही नाही; त्यांचा भाऊबंदकीचा वाद त्यात मिसळलेला असू शकतो.

हे नुसतं मार्कांसाठी नाही. २००६ चा वनहक्क कायदा तुम्हाला माहीत असेल. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव इकडच्या गावांसाठी तो जगण्याचा विषय आहे. या कायद्याच्या नियमांत नियम १३ आहे, पुराव्यांचा. त्यात काय काय चालतं? गॅझेटियर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन! शिवाय एकाच पुराव्यावर थांबू नका, एकापेक्षा जास्त बघा, असंही त्यात म्हटलंय. मी हे वाचलं तेव्हा उडालोच. ज्याला आपले सर 'साधनांची पडताळणी' म्हणून फळ्यावर लिहायचे, तेच ग्रामसभेला करायचं आहे. फरक एवढाच की इथे चुकलं तर एटीकेटी लागत नाही, दावा लटकतो.

पोरांनी कागद काढून गावाला द्यावा, दावा मात्र गावाचा आहे, तो ग्रामसभाच ठरवेल. सर्वेला येऊन फोटो काढून गेलेले लोक गावांनी खूप बघितलेत. एक झेरॉक्स गावात ठेवून या.

नक्कल कशी मिळेल? आधी तलाठ्याकडे, मग तहसीलात साधा अर्ज. नाही म्हणाले तर माहितीचा अधिकार, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. फोटो काढताना पानाची चारही टोकं दिसू द्या, शेरे आणि शिक्के कापू नका, आणि फाइलच्या नावात गाव, तालुका, वर्ष टाका. 'आयएमजी ४०२३' नावाचा फोटो वर्षभराने तुम्हालाही सापडणार नाही.

आणि घरच्या म्हाताऱ्यांना आज रात्री एकच विचारा: पाळ फुटली की मातीला कोण-कोण जायचं, आणि कोण जात नसे? रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी त्यांना सांगा मात्र. उत्तर आलं की आम्हाला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.