समुद्राची मर्यादा आणि माणसाचें गणित

समुद्र आपली मर्यादा सोडीत नाहीं, असें आपले कवि मोठ्या विश्वासानें सांगत आले. हॉलंडांतील शेतकऱ्यास हा विश्वास कधींच परवडला नाहीं. त्याची पुष्कळशी जमीन समुद्रसपाटीच्याहि खालीं आहे. १९१६ च्या जानेवारींत झॉइडरझे या उपसागराभोंवतालचे बांध फुटले. त्या उपसागराचें तोंडच बंद करावें, ही लेली या अभियंत्याची जुनी योजना होती. १९१८ मध्यें तिचा कायदा झाला.

तेव्हां एक साधा प्रश्न उभा राहिला. भरतीचें पाणी बांधानें अडविलें, तर तें जाईल कोठें? बाहेर फ्रीसलंडच्या किनाऱ्यावर चढलें, तर एकाचें घर वांचवितांना दुसऱ्याचें बुडणार! हें ठरविण्यासाठीं सरकारनें समिति नेमली आणि अध्यक्षपद दिलें लोरेंट्झ यांस. पदार्थविज्ञानाच्या १९०२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी, वय पासष्ट. केवळ नांवापुरते अध्यक्ष राहिले असते, तरी कोणीं दोष दिला नसता. परंतु हें काम आठ वर्षें चाललें आणि अवघड गणित त्यांनीं स्वतः अंगावर घेतलें. खाड्यांचें जाळें कागदावर मांडलें. तळाचें घर्षण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, म्हणून समीकरणें सुटेनात. तेव्हां त्या घर्षणास त्यांनीं सोपें, सुटण्याजोगें रूप दिलें. प्रत्यक्ष मोजलेल्या भरतीशीं उत्तर ताडून पाहिलें, आणि मगच भविष्य सांगितलें. १९२६ च्या अहवालांतील निष्कर्ष सुखाचा नव्हता: बाहेर पाणी वाढेल, तिकडचे बांधहि उंच केले पाहिजेत. २८ मे १९३२ रोजीं सुमारें ३२ किलोमीटरांचा बांध पुरा सांधला गेला. लोरेंट्झ १९२८ मध्येंच निवर्तले होते. त्यांचें गणित पुढील भरत्यांनीं बव्हंशीं खरें ठरविलें.

तरीहि त्या अचूक गणितांत एक उणीव राहिली. आयसेल नदीच्या पाण्यानें उपसागराचें गोडें सरोवर झालें, हेरिंग मासा नाहींसा झाला, आणि कोळ्यांचा पिढीजात धंदा बुडाला. त्यांच्या साह्यासाठीं १९२५ मध्यें कायदा झाला होता, हें खरें. पण निर्णयानंतरची भरपाई निराळी आणि निर्णयापूर्वींचा विचार निराळा.

१९५३ च्या वादळानें हॉलंडांत १,८३६ माणसें बळी घेतलीं. १९५६ मध्यें व्हान डांट्झिख या गणितज्ञानें नवा हिशेब मांडला: बांधाचा खर्च आणि तो फुटल्यास संभाव्य हानि यांची बेरीज जेथें सर्वांत कमी, तेथें बांधाची उंची. जिवाचें मोल कोणत्या रकान्यांत घालावें, हा पेंच मात्र केवळ आंकड्यांनीं सुटणारा नव्हता.

पुढें ऑस्टरस्केल्ड खाडी कायमची बुजविण्याचा बेत झाला, तेव्हां कालवें-शिंपल्यांवर जगणारे कोळी आणि निसर्गप्रेमी आधींच उठले. सरकारी जलखातें व अमेरिकेंतील रँड संस्था यांनीं तीन पर्याय तक्त्यांत शेजारीं शेजारीं मांडले: बंद धरण, दरवाजांचा बांध, उघडी खाडी. सुरक्षितता, खर्च, मासेमारी, जीवसृष्टि यांचे रकाने वेगळे ठेवले. त्यांची एक बेरीज केली नाहीं. निवड लोकप्रतिनिधींची. १९७६ मध्यें त्यांनीं दरवाजांचा बांध पत्करला. १९८६ मध्यें तो पुरा झाला. त्याचे ६२ पोलादी दरवाजे केवळ वादळांत मिटतात, एरवीं भरती-ओहोटी चालूच असते.

पाणी किती चढेल हें लोरेंट्झ यांच्या गणितानें चोख सांगितलें. कोणाचें नुकसान मोजावयाचें, हें मात्र गणितास माणसानेंच सांगावें लागतें. आणि तें निर्णयाआधीं सांगावें, एवढें शहाणपण शिकण्यास त्या चतुर राष्ट्रासहि अर्धें शतक लागलें.